चीड फिनाईल

भर माघात आमच्या सृष्टीला उन्हाळी लागली. गाव सकाळी शेकोटीला हात धरून बसलेलं, आणि ही पोरगी लघवीला न्हाणीत गेली की आगीनं कळवळायली. सृष्टी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. सहावीत आहे, अक्षरानं आईवर गेली आणि तोंडानं माझ्यावर. मी तिला धन्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, बेंबीला चुना लावला. शेजारच्या धुरपताबाईनं येऊन सांगितलं की दृष्ट लागली असणार, म्हणून मीठमोहऱ्याही उतरवल्या. फरक पडला तो एवढाच की मीठ संपलं.

शेवटी तिला उपकेंद्रात लुंबिनीकडं नेलं. लुंबिनी तिथली नर्स. पोरगी बीएस्सी झालेली आहे, पण तेवढ्यानं चढलेली नाही. तिनं गोळ्या दिल्या आणि सृष्टीला एकच विचारलं, "शाळेत पाणी पितीस का गं?"

पोरगी खाली बघायली.

"बोल की," मी म्हणलं. "घरात तर तोंड मिटत न्हाई तुझं."

"न्हाई पीत, अव्वा. प्यालं की जावं लागतंय. अन् तिथं जाता येत न्हाई. लई घाण वास हाय. आमच्यातली कुणीच जात न्हाई."

दहा ते पाच! मी रत्नम्मा, सगळ्या गल्लीचं कुठं काय चाललंय ते मला घरी बसून कळतं, आणि माझ्याच घरातली पोरगी रोज सात तास पोटावर दगड ठेवून बसायली, हे मला कळलं नाही. ह्याची मला जी लाज वाटली ती मी कुणाला दाखवली नाही. लुंबिनीला एवढंच म्हणलं की गोळ्या लई कडू दिसतात.

घरी आलो तर सुनेचं ठरलेलं. वर्षाराणी, आमची सून, बोलते कमी आणि ठरवते जास्त. "अत्या, मी दादाला फोन केलाय. शिवरात्र झाली की तो सृष्टीला लातूरला घेऊन जाईल. तिथल्या शाळेत टाईल्स लावलेत."

मुलगा पुण्याला कंपनीत. घरात राहिलं कोण? सून, जी माझ्याशी मोजून बोलते. मालक, म्हणजे धोंडप्पा, जे बोलतच नाहीत. भांडायला घरात एकच माणूस होतं आणि तेच लातूरला चाललं.

"शिवरात्रीला किती दिवस हायत?" मी विचारलं.

"अठरा."

"मग दादाला सांग, अठरा दिवस गाडीत तेल भरू नको."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. गावाचं नाव सांगत नाही, सरपंच चिडतो. जळकोटच्या बाजूला आहे एवढं पुरे. शाळेचे हेडमास्तर किशनराव गुरुजी, माणूस नीटनेटका, पँटची घडी सुरीसारखी. शाळेपुढं त्यांनी गुलाब लावलेत, जास्वंद लावलीय, आणि बागेला तालुक्याचं बक्षीस मिळाल्याची पाटी बागेपेक्षा मोठी लावलीय. मी बाग ओलांडून मागं पोरींच्या संडासाकडं गेले. पंधरा पावलांवर पदर नाकाला गेला. दहा पावलांवर डोळ्यांत पाणी आलं. पुढची पावलं मी मोजली नाहीत, कारण मी टाकलीच नाहीत.

"गुरुजी, इथं फिनाईल का टाकत न्हाई?"

"टाकायचंच हाय की, बाई. पण ठराव झालाय. शाळेचं फिनाईल गावातल्या महिला बचतगटाकडूनच घ्यायचं. महिलांचं सक्षमीकरण."

"मग घ्या."

"गावात फिनाईल करणारा गट कुठाय?"

"मग बाजारातनं आणा."

"ठराव हाय ना."

"कधीचा?"

"झाली की दोन वर्षं."

म्हणजे आमचं सक्षमीकरण व्हावं म्हणून आमच्या पोरी दोन वर्षं कोरड्या तोंडानं शाळा शिकायल्या. मी पदर खोचला. आमच्या गौरी बचतगटाची अध्यक्ष मीच. आम्ही पापड करतो, शेवया करतो, शेंगदाण्याची चटणी करतो. चटणीची तारीफ तर जळकोटच्या तहसीलात झालेली आहे.

"लिहून घ्या, गुरुजी. आजपासून गौरी बचतगट फिनाईल करतो."

"तुम्हाला येतंय का?"

"पापड आईच्या पोटातनं शिकून आले होते का मी?"

ही बातमी मी घरी पोचायच्या आधी घरी पोचली. धुरपताबाई ओसरीवर बसूनच होती. "रत्ने, काय करूलालीस हे? चटणीच्या हातानं फिनाईल? उद्या चटणी कोण खाईल?" मग लगेच दुसऱ्या दमात सांगितलं की फिनाईल तिच्या माहेरी राखेत कडुलिंब कुटून करतात. तिच्या माहेरी काय करत नाहीत हे एकदा विचारायला पाहिजे.

मी एस्टीनं उदगीरला गेले. तिथं गुरुपादप्पाचं दुकान. पुढं धूप, कापूर, विभूती; मागं साबणवाल्यांचा, उदबत्तीवाल्यांचा माल.

"शरणार्थ, अव्वा. काय देऊ?"

"फिनाईलचा वास दे."

"वास लई हायत. लिंबू हाय, गुलाब हाय, मोगरा घ्या."

"संडासात मोगरा? उद्या पोरी डोक्यात गजरा घालतील तवा काय आठवंल त्यांना?"

गुरुपादप्पानं मग खालून एक कॅन काढला आणि झाकण उघडून माझ्या नाकापुढं धरला. आत पाण्यासारखं निर्मळ, रंग म्हणून नाही. पण वास! नाकातून शिरला तो सरळ टाळूला जाऊन बसला. कापूर म्हणावं तर कापराइतका देवाचा नाही. लाकडाची ओली वखार, सर्दीचं मलम, नवं कपाट, आणि ह्या सगळ्यांतून कुठूनतरी येणारी गार झुळूक. आमच्याकडं असली झुळूक फेब्रुवारीत बंद होते ती दिवाळीलाच येते. मी आणखी एकदा ओढून घेतला.

"हाच सगळीकडं चालतो, अव्वा. साबणात हाच, उदबत्तीत हाच, दवाखान्याच्या फरशीला हाच. चघळायच्या गोळ्यांतबी थेंबभर टाकतात म्हणं."

चघळायच्या गोळ्यांत! दुकानदाराला माल खपवायचा असला की तो काय काय खाऊ घालील सांगता येत नाही. मी कॅनवरची चिठ्ठी वाचली. माझी शाळा दुसरीपर्यंत झाली, पण जोडाक्षर सोडून मला काही अडत नाही. चिठ्ठीवर उत्तरेकडच्या कारखान्याचा पत्ता होता आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चीड.

मी दोनदा वाचलं. ची, ड. चीड. वासाचं नाव चीड! मला ते नाव इतकं पटलं की विचारता सोय नाही. गुलाब न् मोगरा काय घेऊन बसलात? त्या दोन वर्षांच्या घाणीवर ओतायचं तर चीडच ओतली पाहिजे. कारखानदार कुणी समजूतदार बाई असणार असं मनात आलं.

"ह्याच्यासंगं साबणाचं हे तेलबी घ्या," गुरुपादप्पा म्हणला. "त्याच्याबिगर..."

"उगं राहा. एक मागितलं की दोन गळ्यात बांधतोस."

परतीच्या बसमध्ये कॅनच्या झाकणातून थोडं पाझरलं. आधी माझी पिशवी, मग माझं लुगडं, मग निम्मी बस चीड झाली. पुढच्या सीटवरचा म्हातारा शिंकता शिंकता थांबला आणि म्हणला, "आठ दिवसांनी नाक उघडलं." कंडक्टर वास घेत घेत माझ्यापाशी आला. "आजी, पेटणारं काही हाय का ह्यात?" मी म्हणलं, "हाय की, चीड हाय." तो दोन सीट मागं सरकला आणि जळकोट येईस्तोवर तिकीट विचारायला आला नाही. माझं तिकीट कधीच काढलेलं होतं, ते मी पुढं करून दाखवलं. फुकट प्रवास केल्याचा आळ माझ्यावर नको.

आता भांडं. एकदम पंचवीस बाटल्यांचा माल करायचा तर घरचं पातेलं पुरत नाही. पण मठाच्या दासोहाची, म्हणजे प्रसादाच्या पंगतीची, जिम्मेदारी आमच्या घराकडं, त्यामुळं गावजेवणाचा भात शिजतो ती मोठी डेग आमच्याच अंगणात असते. मी ती भरून पाणी घेतलं आणि वरून चीड ओतली.

ती पाण्यात मिसळलीच नाही. वर तरंगून राहिली, तेल तरंगतं तशी, आणि माझ्याकडं बघत बसली.

"घुसळ," धुरपताबाई म्हणाली. ती कुंपणावरनं बघूलाली होती. "ताक घुसळतीस तसं घुसळ."

आम्ही डेग ढवळायचा लाकडी दांडा घेतला आणि आळीपाळीनं घुसळलं. हात थांबला की चीड परत वर. ताकाचं लोणी वर आलं तर काढून घेता येतं, ह्याचं काय करायचं? मी म्हणलं, बाटल्या तर भरू. पहिल्या पाच बाटल्यांत निव्वळ चीड गेली आणि शेवटच्या वीस बाटल्यांत विहिरीचं पाणी. धुरपताबाईनं पहिली बाटली हुंगली तर तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. मालकांना शेवटची दिली. ते हुंगून म्हणले, "वास न्हाई." हे त्या आठवड्यातलं त्यांचं पहिलं वाक्य, आणि तेसुद्धा नकाराचं.

वाढदिवसाला आणलेला एक प्लास्टिकचा पांढरा पातळ पेला मी मापाला घेतला होता. त्यात उरलेली चीड राहिली, तर तासाभरात पेला मेणासारखा मऊ पडून बसला. धुरपताबाईनं तो गल्लीत फिरवला. "बघा, रत्नम्माची चीड पेल्यालाबी सहन झाली न्हाई."

अशा वेळी माणसानं माघार घ्यावी असं काहींना वाटतं. मला नाही वाटलं. मी पदर डोक्यावर घेतला आणि लुंबिनीकडं गेले. तिला विचारलं असं नाही, फक्त तिच्यापुढं बाटली ठेवली आणि म्हणलं, "तुझी बीएस्सी काय म्हणते बघू."

लुंबिनीनं बाटली हलवली, हुंगली. "अव्वा, हे पाण्यात विरघळत न्हाई. तेलात विरघळंल, दारूत विरघळंल..."

"लिंगायताच्या घरात दारू?"

"ऐका तर. साबणाचं तेल घ्यायचं. ते अन् हे आधी चांगलं एक करायचं. मग पाणी बारीक धारेनं. आधी पाणी न्हाई."

हे तर कढीचंच झालं की! पीठ आधी थोड्याशा ताकात कालवायचं, मग बाकीचं ताक. उलटं केलं की गुठळ्या. पन्नास वर्षं कढी करून मला हे सुचू नये, ह्याचा दोष मी गुरुपादप्पाला दिला. त्यानं साबणाचं तेल नीट गळ्यात बांधायला पाहिजे होतं. लुंबिनी पुढं आणखी काही सांगत होती, वास वेगळा आणि स्वच्छता वेगळी असं काहीतरी. पण मी तोवर उठलेच होते.

साबणाचं तेल आणायला मालकांना पाठवलं. ते संध्याकाळी कॅन घेऊन आले आणि उभ्या उभ्या निरोप सांगितला, "गुरुपादप्पा म्हणला, अव्वाला सांगा, मी म्हणलो होतो." हा निरोप मात्र एक अक्षर न गाळता आणला.

ह्या खेपेला मी पहिल्या बाटल्यांतली निव्वळ चीडच डेगीत परत ओतली, तिच्यात साबणाचं तेल एक केलं, दांड्यानं हलवत राहिले आणि वर्षाराणीला म्हणलं, "धार सोड." पाण्याची पहिली धार पडली आणि डेगीत दूध झालं. पांढरंशुभ्र, दाट. निर्मळ पाण्यात निर्मळ माल आणि झालं दूध! वर्षाराणीच्या तोंडावर मी पहिल्यांदाच माझ्यासाठी कौतुक बघितलं. तिनं ते लगेच पुसलं, पण मी बघितलं होतं.

डेग मी राखेनं तीनदा घासली, चिंचेनं दोनदा, आणि उन्हात पालथी घातली. कारण सोमवारी दासोह होता. हुग्गी करायची होती, म्हणजे गव्हाची खीर, गूळ, खोबरं, सगळ्या गावाला. डेग मी घासली. दांडा घासायचा राहिला. लाकूड ते लाकूड, प्यायला बसलं की पिऊन घेतं आणि गप्प राहतं.

सोमवारी हुग्गी त्या दांड्यानं ढवळली. पंगत बसली, वाढप झालं, आणि मला माझ्याच द्रोणातून वास आला. गार झुळूक. दीडशे माणसं पंगतीत, वर मठाचे महाराज, आणि द्रोणात फिनाईल!

माझा द्रोण संपवला आणि दुसरा घेतला. म्हणलं, काही व्हायचं असलं तर आधी रत्नम्माला होऊ दे, बाकीच्यांना ओरडून सांगता येईल. मग मागच्या दारानं लुंबिनीला बोलावून घेतलं. तिनं दांडा हुंगला, चमचाभर हुग्गी चाखली आणि हसायलीच.

"काय होत न्हाई, अव्वा. लाकडात मुरलेलं, ते किती उतरणार? असला वास खाण्याच्या पदार्थांतबी घालतात, पण घालायला हात मोजका लागतो. पुन्हा मात्र प्रसाद अन् फिनाईल एका भांड्यात करू नका. अन् हा दांडा जाळा."

गुरुपादप्पा खरं बोलला होता म्हणायचा! दुकानदार खरं बोलल्याचं मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं पुन्हा कधी वाटणार नाही. इतक्यात पंगतीतनं आवाज आला, "आज हुग्गीत भीमसेनी कापूर पडलाय बघा!" महाराजांनी मान डोलावली आणि आणखी मागून घेतली. गावात दोन दिवस त्या हुग्गीचीच चर्चा. मी कापराचं श्रेय घेतलंही नाही आणि नाकारलंही नाही. पण धुरपताबाईला नाक आहे, आणि त्या नाकानं तो वास आधी हुंगलेला होता. ती एवढंच म्हणाली, "रत्ने, मी कुणाला सांगणार न्हाई." तेव्हाच मला कळलं की आता सगळ्यांना कळणार.

माल तयार, पण शाळेनं घ्यायचा तर ग्रामपंचायतीत नोंद पाहिजे. ग्रामसेवक आठवड्यातून दोन दिवस येतो आणि त्यातला एक दिवस वाटेत असतो. दुसऱ्या दिवशी त्याला गाठला. धुरपताबाई संगं आली, गटाची सचिव म्हणून. लुंबिनी लसीकरणाची यादी घेऊन आधीच बसलेली होती.

"नाव?" ग्रामसेवकानं विचारलं.

"रत्नम्मा धोंडप्पा..."

"तुमचं न्हाई, मालाचं."

"चीड फिनाईल."

त्यानं पेन खाली ठेवला. "चीड? कशाची?"

"घाणीची. दुसरी कशाची असणार?"

"बाई, असं नाव देता येत न्हाई. उद्या साहेब तपासणीला आले अन् त्यांना संडासात पंचवीस बाटल्यांवर चीड, चीड लिहिलेलं दिसलं तर आंदोलन समजतील."

"समजू द्या की."

"नाव बदला. सुगंधा लिहा, निर्मल लिहा."

"कॅनवर जे हाय तेच लिहिणार. माल एक अन् नाव दुसरं, असली फसवाफसवी गौरी बचतगटात चालत न्हाई."

आमचं हे अर्धा तास चाललं. शेवटी लुंबिनीला राहवलं नाही. "सर, चीड म्हणजे झाड हाय. हिंदीत त्याला चीड म्हणतात. पहाडात असतंय, उंच, सुईसारखी पानं. हा वास त्या झाडाचा."

खोलीत सगळे माझ्याकडं बघायले.

"मला ठाऊक होतं," मी म्हणलं. लुंबिनीनं लसीकरणाच्या यादीत मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायले. झाडाला चीड म्हणणाऱ्या लोकांचं त्या झाडाशी आधी काहीतरी भांडण झालेलं असणार, त्याशिवाय असं नाव कोण ठेवतं? पण मनातल्या मनात मला त्या झाडाचा थोडा रागच आला. रागाचा वास होता तोवर तो माझा होता.

ग्रामसेवकानं कंसात 'वृक्ष' लिहिलं आणि पुढचा रकाना काढला. "खाद्य की अखाद्य?"

आता इथं मी एक क्षण थांबले. थांबायला नको होतं.

"दोन्ही लिवा, साहेब," मागून धुरपताबाई म्हणाली. "सोमवारी सगळ्या गावानं खाल्लंय."

त्याच्या पुढं तिथं काय झालं ते मी लिहीत नाही. 'अखाद्य' लिहून घ्यायला आम्हाला लुंबिनीची सही, गटाचा ठराव आणि मठाकडून कसलीही तक्रार नसल्याचं पत्र, असं तीन दिवसांत आणावं लागलं. मठातल्यांनी पत्रात शेवटी विचारलं होतं की पुढच्या दासोहाला तोच कापूर मिळेल का.

शिवरात्रीला सहा दिवस उरले तेव्हा मी बाटल्या घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी मोबाईल काढला. आता म्हणे जागा आणि वेळ उमटणारा फोटो लागतो, नुसतं फिनाईल टाकलेलं सरकार मानत नाही. पोरी ओळीनं उभ्या. मी एक बाटली ओतली, दोन ओतल्या, गुरुजी म्हणले उजेड कमी आहे, म्हणून तिसरी आणि चौथी ओतली. मग सृष्टीला म्हणलं, "जा बघू आत. आता कसं वाटतंय सांग."

सृष्टी दारापर्यंत गेली आणि तोंडावर हात धरून पळत आली. "अव्वा, आधी नुसता वास होता. आता मळमळतंय!"

मी स्वतः पुढं गेले. खरं होतं. घाण तिथंच होती आणि तिच्या डोक्यावर पहाडाची झुळूक बसली होती. दोघांनी मिळून जे केलं होतं त्याला मराठीत शब्द नाही.

गुरुजींनी फोन खिशात घातला. "बाई, ह्या शाळेत आधी एक वास होता. आता दोन झाले." पोरी हसल्या. सृष्टी हसली नाही. तिनं माझा हात धरला, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

मी सरळ उपकेंद्रात गेले. "लुंबिनी, तू त्या दिवशी पुढं काय सांगत होतीस? वास वेगळा अन्..."

"वास वेगळा अन् स्वच्छता वेगळी, अव्वा. ह्यानं घाण निघत न्हाई. आधी पाणी, झाडू, घासणं, मग ब्लिचिंग टाकून धुवायचं. सगळं वाळलं की शेवटी हे. हे म्हणजे न्हाल्यावर लावायची पावडर. तुम्ही न न्हाता लावली."

माझ्या घरात न न्हाता कुणी पावडर लावली असती तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मी उठले, झाडू घेतला, खराटा घेतला आणि परत शाळेत.

संडासातला नळ सोडला. थेंब नाही. वर टाकी भरलेली, खाली नळ कोरडा. मी पाईप बघत बघत निघाले. पाईप भिंतीवरून गेला, वळला, व्हरांड्याखालून गेला आणि गुलाबाच्या बुडाशी जाऊन निघाला. गुलाब तर गुलाब, बाजूची जास्वंदसुद्धा टम्म फुगलेली.

"गुरुजी, हे काय?"

"बागेला बक्षीस हाय, बाई," ते हळू आवाजात म्हणले.

"बागेला पाणी अन् पोरींना ठराव, व्हय?"

गुरुजी पाना शोधायला गेले, हे त्यांच्या बाजूचंच म्हणायला पाहिजे. वायसर बदलून, पाना लावून, पाईप जोडून घेण्यात ती सकाळ गेली. मी खराटा घेऊन आत निघाले तर गुरुजी आडवे आले. "रत्नम्माबाई, तुम्ही कशाला? ह्या कामाला माणूस बघावं लागंल."

"बघा की," मी म्हणलं. "समोरच उभं हाय."

दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी आणि वर्षाराणी. तिला मी बोलावलं नव्हतं. ती आली, पदर बांधला आणि दुसऱ्या खोलीला लागली. मालक पाण्याच्या बादल्या देत होते. माझ्या तोंडावर फडकं बांधलेलं बघून म्हणले, "हे घरीबी बांधत जा." धुरपताबाई दारात उभी राहून सांगायली, "त्या कोपऱ्यात राहिलंय. खाली नीट घास. माझ्या माहेरी..." मी तिच्या हातात झाडू दिला. दुसऱ्या दिवशी गटातल्या आम्ही सात जणी होतो, वर्षाराणी होती, आणि लुंबिनी ब्लिचिंगची पिशवी घेऊन. सगळ्यात शेवटी, फरशी वाळल्यावर, बादलीभर पाण्यात अर्धी वाटी चीड फिनाईल. अर्धी वाटीच. सृष्टी आत गेली. आम्ही नऊ बायका बाहेर झाडू धरून उभ्या. पोरगी बाहेर यायला इतका उशीर लागला की मला वाटलं आत पडली की काय. पण ती हात धुऊन आली, ओले हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "अव्वा, आत कुणीतरी डोंगर आणून ठेवल्यासारखं वाटतंय." तसला डोंगर तिनंही बघितलेला नाही.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी वर्षाराणीचा दादा गाडी घेऊन आला. मी ओसरीवर वाती वळत बसले होते. वर्षाराणीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, मी स्वतः घासलंय तिथं. आता मी पोरीला दुसरीकडं कशाला पाठवू? तू चहा घे अन् जा." मी वाती वळत राहिले. बोलण्यासारखं लई होतं.

पंधरा दिवसांनी किशनराव गुरुजी घरी आले. पँटची घडी होती, पण चेहरा पडलेला. चहा घेतला नाही, पाणीही नको म्हणले.

"रत्नम्माबाई, तुमच्या फिनाईलनं शाळेची शिस्त बिघडलीय."

"काय झालं?"

"पोरी दर तासाला बोट वर करतात. एक गेली की चौघी मागं. दिवसभर घटाघटा पाणी पितात, दुपारीच टाकी रिकामी. बागेला थेंब मिळत न्हाई, गुलाब माना टाकायलेत. काल गणिताच्या तासाला निम्मा वर्ग बाहेर! मी म्हणतो, एक ठराव करू. दिवसातनं एकदा, फार तर दोनदा."

मी मालकांकडं बघितलं. मालक छताकडं बघत होते. आतून सृष्टीच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

"गुरुजी," मी म्हणलं, "दोन वर्षांचं साठलंय. निघायला जरा येळ लागंल."